जुना जपानी तान्सु: पारखायचा कसा, आणायचा कसा, सांभाळायचा कसा

तान्सु पाहायला गेलात की विक्रेत्याला पहिली विनंती ही करा: तो भिंतीपासून पुढे ओढा. समोरून जवळपास प्रत्येक तान्सु देखणा दिसतो. काळं लोखंड, तांबूस लाकडातल्या वळणदार रेषा आणि मधोमध मोठं गोल कुलूप यांना भुलून पैसे मोजणारे पुष्कळ. पण वस्तूचं वय, झालेल्या दुरुस्त्या, बदललेल्या कड्या आणि अलीकडे ठोकलेल्या फळ्या कळतात त्या पाठीवरून, तळावरून आणि खणांच्या आतून.

तान्सु म्हणजे जपानी घरातलं खणांचं लाकडी कपाट किंवा पेटारा. आपल्याकडचं शिसवी कपाट एकदा जागेवर बसलं की पुढची पिढीच ते हलवते. तान्सुचं उलट आहे. जुन्या जपानी घरात तातामी चटयांच्या खोल्या मोकळ्या ठेवायची पद्धत होती. पेटारे भिंतीतल्या कपाटात नाहीतर जाड मातीच्या भिंतींच्या कोठारात असायचे आणि लागतील तेव्हा बाहेर यायचे. त्यात शहरांना आगीची धास्ती. 1657 मध्ये एदो, म्हणजे आजचं तोक्यो, जळालं तेव्हा लोक चाकं लावलेले मोठे पेटारे ओढत रस्त्यावर आले. अरुंद गल्ल्या तुंबल्या आणि माणसं अडकून पडली. पुढे 1683 मध्ये एदो, क्योतो आणि ओसाका या तिन्ही शहरांत चाकांच्या पेटाऱ्यांवर बंदी आली. म्हणजे सामान वेळेला उचलता तर यायला हवं, पण चाकांशिवाय. तान्सुची सगळी घडण या गरजेतून आली आहे. मी पारख करताना प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारतो: उचलून नेताना तुझं काम काय? उत्तर मिळालं नाही तर तो भाग शोभेचा असतो, नाहीतर नंतर बसवलेला.

आधी जात ओळखा

खणांचा तान्सु 17व्या शतकाच्या उत्तरार्धात ओसाकाच्या बाजूला दिसू लागला. त्याच्या आधी झाकणाच्या पेट्या होत्या. नारा इथल्या शोसोइन या शाही भांडारात 8व्या शतकातल्या वस्तू टिकल्या, त्यात पाय असलेल्या ‘काराबित्सु’ पेट्यांचा वाटा मोठा आहे. लांबट ‘नागामोची’ पेटाऱ्यात अंथरुणं आणि कपडे जात. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी कड्या असत, त्यांतून दांडा ओवून डोलीसारखा दोघांच्या खांद्यावरून तो नेत. ‘हासामिबाको’ ही प्रवासी कपड्यांची पेटी. सरदारांना ठरावीक काळाने एदोला हजेरी द्यावी लागे, त्या मिरवणुकीत नोकर ती खांद्यावरच्या दांड्याला लावून चालत. चहाचं सामान नेण्याची छोटी ‘ताबीदान्सु’ परंपरेनं चहागुरू सेन नो रिक्यू यांच्या नावाशी जोडली जाते.

बाजारात तुम्हाला जास्त भेटतील ते हे: कपड्यांचा ‘इशोदान्सु’, दुकानदाराच्या वह्यांचा आणि पैशांचा ‘चोबादान्सु’, बारीक खणांच्या ओळी असलेला औषधांचा ‘कुसुरीदान्सु’ आणि जहाजावरचा ‘फुनादान्सु’. स्वयंपाकघरातला ‘मिझुयादान्सु’ मोठा असतो, पण तोही बहुधा वरचा आणि खालचा असे दोन भाग सुटे होतील असाच केलेला असतो. जिन्याच्या आकाराचा ‘काइदानदान्सु’ छायाचित्रांत फार गाजला आहे आणि त्यामुळेच त्याच्या नकलाही उदंड आहेत. पहिली खरेदी म्हणून मी तो सुचवणार नाही.

एक घोटाळा नेहमी होतो. कोरियातली ‘बान्दाजी’ पेटी जपानी म्हणून विकली जाते. तिच्या दर्शनी भागाचा वरचा अर्धा भाग बिजागऱ्यांवर पुढे खाली उघडतो. जपानी पेटीत असं दार क्वचितच दिसतं. तिथे खण असतात, सरकती दारं असतात, बाजूला उघडणारं एकच दार असतं, किंवा वरच्या खाचेत सरकवून खालच्या खाचेत टेकवायचं सबंध काढता येणारं झाकण असतं.

पाठ, तळ आणि खणांचं पोट

सोबत छोटी बॅटरी आणि मोजपट्टी ठेवा. तान्सु दोन भागांचा असेल तर वरचा भाग उतरवून घ्या. वरच्या भागाचा तळ आणि खालच्या भागाचं डोकं एकमेकांवर बसतात, तिथे पॉलिश कमी आणि खरं लाकूड जास्त दिसतं. दोन्हींचा रंग, जाडी आणि फळ्यांची दिशा जुळते का ते बघा. दोन वेगळ्या तान्सुंचे भाग एकावर एक चढवून जोडी म्हणून विकणं अवघड नाही, कारण मापं बरीचशी ठरलेली होती. एक शाकू म्हणजे 30.3 सेंटिमीटर, तीन शाकू म्हणजे सुमारे 91, आणि याच पटीत बरेच तान्सु बनत.

पाठीच्या फळ्या बहुतेक सुगी (जपानी सीडर) किंवा किरी (पॉलोनिया) या लाकडांच्या, पातळ आणि साध्या. हाताने रंधलेल्या फळीवर तिरपा प्रकाश टाकला की उथळ लाटा दिसतात. यंत्राने रंधलेली फळी सपाट असते, किंवा तिच्यावर समान अंतराच्या बारीक आडव्या रेघा असतात. पाठ नवी असली म्हणजे वस्तू खोटी असं नाही. ओलसर कोठारात पाठच आधी कुजते. पण ती बदलली आहे हे विक्रेत्याने सांगायला हवं आणि किमतीत धरायला हवं.

आता सगळे खण काढा आणि एकेक उलटा करा. खणाच्या तळाला, मागच्या बाजूला किंवा पाठीच्या आतून शाईने लिहिलेलं काही सापडतं का पाहा. कधी सुताराचं किंवा मालकाचं नाव असतं, कधी गाव, कधी तारीख. तारीख सम्राटाच्या किंवा कालखंडाच्या नावाने लिहिलेली असते. हिशोब सोपा आहे: मेइजी वर्षात 1867 मिळवा, ताइशोत 1911 आणि शोवात 1925. मेइजी 23 म्हणजे 1890. तेन्पो (1830 ते 1844) किंवा कायेइ (1848 ते 1854) दिसलं तर तान्सु एदो काळातला, म्हणजे 1868 च्या आधीचा असू शकतो. फोनवर अक्षरं वाचता येतात, हस्ताक्षर फारच वळणदार असेल तर जपानी जाणणाऱ्याला दाखवा. पण नुसत्या तारखेवर विसंबू नका. जुनी फळी नव्या खणाला लावता येते. तारीख, खिळे आणि लोखंड या तिघांची साक्ष एकमेकांशी जुळली पाहिजे.

खणांचा क्रमही तपासा. हाताने केलेला प्रत्येक खण आपल्याच जागेत नीट बसतो, शेजारच्या जागेत अडतो किंवा ढिला पडतो. शंभर वर्षं एकाच खोबणीत सरकलेल्या खणाच्या खालच्या कडा झिजलेल्या दिसतील आणि खोबणीतही तेवढीच झीज असेल. एक झिजलेला आणि दुसरा कोरा असेल तर विचारा.

लाकूड

सुरुवात किरीपासून करू, कारण तान्सुचं मर्म तिथे आहे. किरी म्हणजे पॉलोनिया. हे जपानमधलं सर्वांत हलकं इमारती लाकूड, उचललं की हातालाच कळतं. उचलून नेण्याच्या पेटीला याहून चांगलं काय? त्यात किरी ओल आली की थोडी फुगते आणि फटी बंद करते, हवा कोरडी झाली की पुन्हा मोकळी होते. जळतानाही वरचा थर कोळसा होऊन आतली उष्णता अडवतो. आगीच्या वेळी पेटारा पाण्याने चिंब केला की फळ्या फुगून घट्ट बसतात आणि आतली वस्त्रं वाचण्याची शक्यता वाढते. मुलगी जन्मली की किरीचं झाड लावायचं आणि तिच्या लग्नात त्याच लाकडाचा तान्सु करून द्यायचा ही प्रथा जपानमध्ये सांगितली जाते. झाड पंधरा-वीस वर्षांत तोडणीला येतं, त्यामुळे हिशोब बसतो.

चांगल्या किरी तान्सुत एक खण आत ढकलला की आतल्या हवेने दुसरा खण हळूच पुढे येतो. ही परीक्षा दुकानात करून बघायला हरकत नाही, पण तिने कारागिरी कळते, वय नाही. निइगाता प्रांतातल्या कामो गावातले आजचे कारागीरही असे तान्सु करतात. 1974 च्या पारंपरिक हस्तकला कायद्याखाली कामोच्या किरी तान्सुला 1976 मध्ये मान्यता मिळाली.

दर्शनी भागाला केयाकी असतं. ते झेल्कोवा जातीचं लाकूड, जड, टणक आणि रेषांचं सौंदर्य दाखवणारं. दर्शनी बाजू केयाकीची, बाकी अंग सुगीचं किंवा किरीचं ही सर्रास पद्धत होती. ती फसवणूक नाही, वजन आणि पैसे दोन्ही वाचवण्याचा शहाणपणा आहे. सबंध केयाकीचा तान्सु जास्त मोलाचा मानतात, पण तो हलवणाऱ्याला विचारा. केयाकी सबंध आहे की वर पातळ व्हिनियर चिकटवलं आहे हे पाहायला खणाची वरची कड बघा. सबंध फळीत दर्शनी रेषा कडेवरून पलीकडे वळलेली दिसते. कुरी म्हणजे चेस्टनट, तेही भेटतं. नवशिक्याला ते केयाकीच वाटतं.

किरीचा रंग उजळ, राखाडी किंवा तपकिरी. पृष्ठभाग गवताच्या मुळांच्या जुडीने घासून मऊ भाग खरवडतात, त्यामुळे कठीण रेषा उठून दिसतात. या अवजाराला ‘उझुकुरी’ म्हणतात. मग ‘याशाबुशी’ या झाडाच्या वाळलेल्या बोंडांचं पाणी आणि ‘तोनोको’ ही बारीक दगडी पूड मिसळून लावतात आणि वरून मेण चोळतात. केयाकीवर मात्र उरुशी, म्हणजे झाडाच्या चिकाचं लाखेसारखं लेपन. कधी रेषा दिसतील असं पारदर्शक, कधी काळं, कधी तांबूस.

सांधे आणि खिळे

खणाच्या कोपऱ्यात बोटांसारखे एकमेकांत अडकणारे सांधे असतात, चांगल्या कामात डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे टोकाला रुंद होणारे. फळ्या जोडायला बांबूच्या किंवा ‘उत्सुगी’ या झुडपाच्या लाकडी खुंट्या ठोकतात. किरीत लोखंडी खिळा ओलीने गंजतो आणि भोवती काळा डाग पसरवतो, खुंटीला ती भीती नाही. त्यामुळे खणाच्या आत बारीक गोल ठिपके दिसले तर खूण चांगली.

लोखंडी खिळे असतील तर त्यांचा आकार पाहा. जुना जपानी खिळा हाताने ठोकलेला, चौकोनी छेदाचा, निमुळता. गोल तारेचे खिळे मेइजी काळात परदेशातून आले आणि पुढे तिथेही बनू लागले. म्हणून ‘एदो काळातला’ म्हणून दाखवलेल्या तान्सुच्या मूळ सांध्यात गोल खिळे असतील तर गोष्ट जुळत नाही. दुरुस्तीत घातलेला एखादा गोल खिळा चालतो. सगळेच गोल असतील तर वय खाली आणा आणि किंमतही. खोलवर बसलेला एक तरी खिळा नीट पाहा, वर डोकं दिसतंय तेवढ्यावर थांबू नका, कारण जुन्या धाटणीची डोकी आजही मिळतात.

खरं सांगायचं तर बाजारातले बहुतेक तान्सु मेइजी (1868 ते 1912) आणि ताइशो (1912 ते 1926) काळातले आहेत. त्याचं कारणही आहे. एदो काळात कुणी काय वापरावं यावर बंधनं होती. 1868 नंतर ती गेली, गावोगावच्या शेतकरी आणि व्यापारी घरांत लग्नाचा तान्सु जाऊ लागला आणि धंदा बहरला. मेइजीतला तान्सु म्हणजे दुय्यम, असं समजू नका. ईशान्य जपानमधल्या सेंदाई शहराचे सर्वांत रुबाबदार तान्सु याच काळातले आहेत.

लोखंड

लोखंडाची पहिली कामगिरी दिखाऊ नव्हती. कोपरे दणक्यांपासून वाचवणं, कुलूप बसलेल्या जागी लाकूड फाटू न देणं आणि उचलायला धरण देणं. बाजूच्या कड्यांकडे बघा. काही वर वळतात आणि दोन्ही कड्यांतून दांडा आडवा जाऊ शकतो. हे खऱ्या वाहतुकीचं लक्षण. कडी अगदी लहान किंवा पातळ असेल आणि मागे लाकडात आरपार घट्ट बसवलेली नसेल, तर तिने कधी वजन पेललेलं नाही.

एदो काळातले पत्रे बहुधा लहान आणि साधे. मेइजीत ते वाढले, कुलपाभोवतीची गोल पट्टी ताटाएवढी झाली आणि त्यावर सारस, कासव, प्लमचा बहर, पाईन आणि बांबू अशी शुभचिन्हं आली. पुढे यंत्रातून दाबून काढलेला पातळ पत्रा आला. हाताने काढलेल्या नक्षीत डावी बाजू उजवीशी तंतोतंत जुळत नाही, छिन्नीचे घाव कमीजास्त खोल असतात, कडेला कानशीचे ओरखडे दिसतात. दाबलेल्या पत्र्यात सगळे तुकडे एकसारखे. काळा रंग तापलेल्या लोखंडावर उरुशी भाजून दिलेला असतो, त्याने गंज अडतो. जिथे हात लागतो तिथे तो झिजून लोखंड उघडं पडतं. कडीच्या तळव्यावर जिथे बोटं येतात तिथेच झीज हवी. सगळीकडे सारखी ‘झीज’ असेल तर ती कुणीतरी पॉलिशपेपरने केली आहे.

प्रांत ओळखायलाही लोखंड मदत करतं. सेंदाईच्या तान्सुवर सिंह, ड्रॅगन आणि पिओनी फुलांची ठोकून उठवलेली नक्षी दाट असते. त्यांना 2015 मध्ये त्याच हस्तकला कायद्याखाली मान्यता मिळाली. इवाते प्रांतातल्या इवायादो तान्सुला ती 1982 मध्येच मिळाली होती, तिथेही ठोकीव लोखंड आणि उरुशी यांचीच जोडी. आणि जुन्या कडीची जागा बदललेली असेल तर भोवती फिकट सावली किंवा बुजवलेली भोकं दिसतात. बॅटरी आडवी धरली की लुकण लगेच ओळखू येतं.

फुनादान्सु: जहाजावरची तिजोरी

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण उचलून नेण्याच्या पेटीची कारागिरी जितकी इथे कसाला लागली तितकी दुसरीकडे नाही.

1672 मध्ये कावामुरा झुइकेन या व्यापाऱ्याने उत्तरेकडचा सरकारी तांदूळ साकाता बंदरातून जपान समुद्रामार्गे, शिमोनोसेकीला वळसा घालून ओसाका आणि एदोला नेण्याचा मार्ग सुधारून दिला. पुढे याच किनाऱ्यावर ‘कितामाएबुने’ जहाजं धावू लागली. उत्तरेकडून हेरिंग माशाचं खत आणि कोम्बु शेवाळ, दक्षिणेकडून मीठ, साके, कापूस आणि जुने कपडे. यांतले बरेच नाखवे नुसतं भाडं घेणारे नव्हते. ते प्रत्येक बंदरात स्वतः माल घेत आणि विकत, त्यामुळे नफा प्रचंड आणि जोखीमही त्यांचीच. रोकड, हिशोबाच्या वह्या, शिक्के, जहाजाची परवानापत्रं हे सगळं जवळ बाळगावं लागे. म्हणून फुनादान्सु. सादो बेटावरचं ओगी, साकाता आणि फुकुई प्रांतातलं मिकुनी ही त्यांची प्रसिद्ध केंद्रं. नाखवा बंदरात उतरला की पेटी घेऊनच व्यापाऱ्याच्या घरी जाई. ती मोकळेपणाने समोर ठेवली की पाहुण्याची पत न बोलता कळे, म्हणून लोखंडाचा एवढा थाट.

तीन प्रकार लक्षात ठेवा. ‘काकेसुझुरी’ला बाजूला उघडणारं एकच दार असतं आणि आत खण. ‘चोबाको’ वह्या-कागदांची, तिच्यात खण आणि दारं मिश्र असतात. ‘हांगाई’ कपड्यांची, समोर सबंध निघणारं झाकण, बहुधा दोनांची जोडी. बाहेरून केयाकी आणि जाड लोखंड, आतून किरीचे खोके. बाहेरचं अंग मार खातं, आतलं किरी ओल आली की फुगून बसतं आणि कागद सांभाळतं. पेटी समुद्रात पडली तरी तरंगते, अशी ख्याती आहे. विकत घेतलेल्या पेटीवर हा प्रयोग करू नये.

गुप्त कप्पे हा या पेट्यांचा सर्वांत मजेचा भाग. शोधायची रीत अशी:

1. बाहेरची खोली मोजा आणि मग प्रत्येक खणाची आतली लांबी मोजा. पाठीची जाडी वजा करूनही चार-पाच सेंटिमीटर उरत असतील तर मागे काहीतरी आहे.
2. खण काढून पोकळीच्या आत हात घाला. बाजूची, वरची आणि खालची फळी हलकेच चारी दिशांना सरकवून बघा. जी हलते ती किल्ली.
3. खणाचा तळ बाहेरून आणि आतून मोजा. जाडी जास्त भरली तर तळ दुहेरी आहे.
4. लाकडी खुंटीसारखं दिसणारं एखादं टोक दाबून पाहा, कधी ते खिटी असतं. बऱ्याचदा एक खोका काढला की त्याच्या मागे दुसरा, त्याच्याही मागे तिसरा निघतो.

जोर लावायचा नाही. हे कप्पे हवेच्या ओलाव्यावर अवलंबून सरकतात. पावसाळ्यात अडलेला कप्पा जानेवारीत अलगद निघतो. पेचकस घालून उघडलेल्या पेट्यांच्या कडांवर जे घाव दिसतात त्यांनी मला दरवेळी वाईट वाटतं. विक्रेता ‘गुप्त कप्पा नाही’ म्हणाला तरी स्वतः मोजा, त्यालाही माहीत नसतो.

तार आणि वाफेची जहाजं आली. दर एका बंदरातून दुसऱ्या बंदरात काही क्षणांत कळू लागले आणि दरांच्या फरकावर जगणारा हा व्यापार मेइजीच्या उत्तरार्धात ओसरला. रोजच्या कामातल्या अशा वस्तूंच्या सौंदर्याकडे 20व्या शतकात यानागी सोएत्सु यांनी लक्ष वेधलं. त्यांनी 1936 मध्ये तोक्योच्या कोमाबा भागात उभं केलेलं लोककला संग्रहालय पाहिल्याशिवाय मोठी खरेदी करू नका, असं मी जाणाऱ्यांना सांगतो. मागणी वाढली तसे नवे फुनादान्सुही बनले. नव्याचं लोखंड जाड दिसतं, पण वजन कमी भरतं, आतला किरी कोवळा आणि पांढरा असतो आणि गुप्त कप्पा पहिल्याच प्रयत्नात उघडतो.

विकत घेणं आणि आणणं

जपानमध्ये असाल तर क्योतोतल्या तोजी मंदिराचा दर महिन्याच्या 21 तारखेचा आणि कितानो तेनमांगूचा 25 तारखेचा बाजार डोळे तयार करायला उत्तम. निशी-कासाईत राहणाऱ्या मराठी मंडळींना तोक्योतले बाजारही आहेतच. तिथे छोट्या पेट्या मिळतात, मोठ्या तान्सुसाठी जुन्या फर्निचरचं दुकान गाठा. मोठा तान्सु घेताना घराच्या जिन्याचं, लिफ्टचं आणि दाराचं माप आधी खिशात ठेवा.

पावतीवर काळ, लाकूड आणि केलेली दुरुस्ती लिहून घ्या. सीमाशुल्कात 100 वर्षांहून जुन्या वस्तूंचा समावेश 97व्या प्रकरणात होतो, पण वयाचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. छायाचित्रं काढताना खणांचे तळ, खिळे आणि लिखाण यांचीही काढा, ती तेव्हा उपयोगी पडतात. बाहेरच्या लाकडी खोक्यावर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्रक्रिया केल्याचा शिक्का असल्याची खात्री करा, नाहीतर बंदरात अडकतो. खण काढून त्यांच्या जागांचे क्रमांक कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, लाकडावर चिकटपट्टी लावू नका, काढताना उरुशी निघते. आणि कड्या कितीही भक्कम दिसल्या तरी आता त्यांना धरून उचलू नका. तळाखालून धरा.

गोव्याचा यात खरा संबंध आहे. पोर्तुगीज 1543 मध्ये जपानला पोहोचले आणि गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जाणाऱ्या त्यांच्या जहाजांवर परत येताना जपानी उरुशीच्या, शिंपल्याची जडणघडण केलेल्या पेट्या असत. कमानदार झाकणाच्या या ‘नान्बान’ पेट्या परदेशी गिऱ्हाइकासाठीच केलेल्या. 1639 मध्ये पोर्तुगीजांना हाकललं आणि तो रस्ता बंद झाला. जुन्या घरात असं काही सापडलं तर ते तान्सुच्या मापाने तोलू नका, स्वच्छही करू नका, थेट संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

घरी आणल्यावर

पहिले काही आठवडे खण थोडे उघडे ठेवा आणि तान्सुला हवेशी जुळवून घेऊ द्या. एसीच्या झोतासमोर, उन्हाच्या कवडशात किंवा ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवायचा नाही. मागे चार बोटं जागा सोडा. कोकणात आणि मुंबईत वाळवीची धास्ती, म्हणून खाली दगडी किंवा लोखंडी ठोकळे द्या आणि दर महिन्याला तळ पाहा. भोकाखाली ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. जुनी भोकं नुसती असतील तर काळजी नाही.

पावसाळ्यात खण अडला की सुताराला बोलावून रंधा मारू नका, हे ठळक अक्षरात लिहून ठेवावं असं वाटतं. नोव्हेंबरात तोच खण खुळखुळेल. अडलेला खण सरकवायला पांढरी मेणबत्ती कडेला हलकी फिरवली की पुरे. अमेरिकेतल्या थंड राज्यांत राहणाऱ्यांची अडचण उलटी आहे. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली आर्द्रता फार खाली जाते आणि केयाकीच्या फळ्या तडकतात. ह्युमिडिफायर लावून ती 45 ते 60 टक्क्यांत ठेवा.

किरीला पाणी आणि तेल दोन्ही वर्ज्य. मऊ ब्रश आणि कोरडं सुती फडकं. उरुशीला जेमतेम ओलसर फडकं आणि लगेच कोरडं. फर्निचर पॉलिश, स्पिरिट, लिंबाचं तेल यांपैकी काही नाही. लोखंडाला तारेचा ब्रश लावला की शंभर वर्षांचा काळा लेप एका दुपारी जातो. पैठण्या ठेवणार असाल तर मलमलीत गुंडाळून ठेवा, पावसाळा संपला की बाहेर काढून हवा द्या. कापूर आणि डांबरगोळ्या एकत्र टाकू नका, दोन्ही मिळून पाझरतात आणि कापडावर व लाकडावर डाग पडतात.

दुरुस्ती कुठवर

किरीचा तान्सु काळवंडला की जपानी घरांत तो कारागिराकडे जातो. कारागीर तो धुतो, फटी भरतो, वरचा थर बारीक रंधून पुन्हा रंग-मेण देतो आणि तान्सु नव्यासारखा परत येतो. कुटुंबाच्या वापराच्या वस्तूला हे योग्यच आहे. संग्राहक मात्र नाक मुरडतात, कारण वय त्याच वरच्या थरात असतं. मला वाटतं, साध्या ताइशो किरी तान्सुला ही नवी त्वचा खुशाल द्यावी. शाईचं लिखाण, मूळ उरुशी किंवा ठोकीव लोखंड असलेल्या तान्सुला देऊ नये.

घरच्या घरी उरुशी लावण्याचा मोह आवरा. हा चिक दमट, उबदार हवेतच घट्ट होतो, त्यामुळे आपला पावसाळा त्याला मानवेल. त्वचेला मात्र मानवणार नाही. उरुशीचं झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं. ज्यांना बिब्बा उततो किंवा कैरीच्या चिकाने तोंड येतं, त्यांना कच्च्या उरुशीने अंगभर पुरळ येण्याचा धोका जास्त. पूर्ण वाळलेल्या तान्सुला हात लावायला भीती नाही. 20व्या शतकातल्या पुष्कळ दुरुस्त्यांत उरुशीऐवजी काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं ‘काश्यू’ लेपन वापरलेलं आहे. ते चकचकीत, जाडसर दिसतं आणि कोपऱ्यांत साचलेलं असतं. विक्रेता उरुशीचे पैसे मागत असेल तर खणाच्या कडेला, जिथे लेप संपतो तिथे, भिंगातून पाहा: उरुशीचे थर पातळ आणि लाकडात मुरलेले असतात, काश्यूची कड ओघळून थांबल्यासारखी उभी राहते.

कुलपाची किल्ली हरवली असेल, आणि बहुधा हरवलेलीच असते, तर बंद खण मागच्या फळीतून उघडता येतो का ते आधी बघा. कुलपाचा पत्रा उचकटू नका. पाठीच्या दोन खुंट्या काढून फळी सरकवणारा सुतार शोधा. तीच फळी, त्याच भोकांत, नव्या बांबूच्या खुंट्यांनी परत बसते.